अक्षरं ओळखतात, पण शब्द वाचता येत नाहीत: सुरुवात कुठून करू?

नमस्कार. मी अध्यापक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आंतरवासिता दुसरीच्या वर्गावर चालू आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांचा एक छोटा गट आता पूर्णपणे माझ्याकडे येणार आहे. अनुभवी शिक्षकांचा सल्ला हवा आहे.

तक्त्यावर कुठल्याही अक्षरावर बोट ठेवा, ही मुलं बरोबर सांगतात. बाराखडीही तालात म्हणतात. पण ‘कमान’ समोर आलं की ‘क... म ला काना मा... न’ म्हणून थांबतात आणि चित्राकडे बघून ‘दरवाजा’ सांगून मोकळी होतात. एक मुलगी ‘किती’ला हमखास अडते, कारण वेलांटी आधी दिसते आणि म्हणायची मात्र ‘क’च्या नंतर. याच गटात एक मुलगा असाही आहे, जो उतारा घडाघडा वाचतो, पण त्यात कोण कुठे गेलं ते सांगता येत नाही.

मार्गदर्शक बाई म्हणतात, बाराखडी पुन्हा पक्की करून घे. मला ते पटत नाही. जे येतंय तेच परत घेऊन काय होणार? पण टाचण काढायला बसले की पहिला पाठ कशाचा घ्यायचा ते सुचत नाही. आणि त्या मुलालाही तोच पाठ द्यायचा का? ही मुलं तिसरीत अशीच गेली तर सगळेच विषय त्यांना जड जातील, याची मला फार काळजी वाटते.

प्रतिसाद

ताई, आधी गटाची फोड करा. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून नीट उत्तरं देणाऱ्या मुलाची अडचण लिपीची आहे, ऐकूनही न कळणाऱ्याची भाषेची. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हेच मांडलं: लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्य असली की हाती काहीच लागत नाही.

अडखळणाऱ्यांना क, म, न, ल, प आणि फक्त काना द्या. एवढ्यात कान, पान, नाक, माप, काल, कमान, पालक होतात. ‘म ला काना मा’ म्हणणं बंद करा, थेट ‘मा’; बोट सरकवत, आवाज न तोडता. त्याआधी नुसतं तोंडी घ्या: ‘कान’मधला ‘का’ काढला, ‘पा’ घातला, काय झालं? चित्र झाकून ठेवा. मधूनच ‘नाकम’, ‘पाकन’ असे बिनअर्थाचे शब्द द्या (बनवलेले आहेत हे मुलांना सांगून). तिथे अंदाज चालत नाही, मूल खरंच वाचतंय का ते लगेच कळतं. मग त्याच अक्षरांचं श्रुतलेखन. हे चुकवू नका, लिहिताना मूल शब्द स्वतः फोडतं.

वेलांटीसाठी ‘क’चं कार्ड ठेवून मुलीला ‘क’ म्हणू द्या, मग तिनेच वेलांटी लावून ‘कि’ म्हणावं. क्रम तिच्या हाताला कळेल.

घडाघडा वाचणाऱ्याला ऐकूनही कळत नसेल तर बाराखडीचा उपयोग शून्य. रोज गोष्ट वाचून दाखवा, मध्येच थांबून ‘आता काय होईल, कशावरून?’ विचारा. घरची बोली वेगळी असेल तर आधी तिच्यात सांगू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पहिल्या पाठाचं टाचण आजच काढते. जोडाक्षरं कधी घ्यायची?

प्रतिसाद

काना, वेलांटी, उकाराचे शब्द न अडखळता वाचू लागले की. आधी ‘मस्त’, ‘पुस्तक’, जिथे अर्धं अक्षर स्पष्ट दिसतं. ‘र’ची रूपं शेवटी आणि एका वेळी एकच: चक्र, राष्ट्र, सूर्य, दुसऱ्या. ‘सूर्य’ला जास्त वेळ ठेवा, रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो पण त्याचा आवाज ‘य’च्या आधी येतो, तेव्हा वेलांटीला अडणारी मुलगी इथेही अडेल.