नाथांच्या वाड्यात कवी कुणी शोधतं का?

गोदाकाठचा: पैठणचा संत एकनाथांचा राहता वाडा म्हणजे आताचं गावातलं नाथमंदिर. आईबाप लवकर गेलेलं पोर आजोबा चक्रपाणींनी इथंच वाढवलं. पण आमच्या गाडीतल्या सगळ्यांना चमत्कारच ऐकायचे होते. ‘विंचू चावला’ हे भारूड याच माणसाचं, हे निम्म्यांना माहीत नव्हतं! शेजारी एखादी खोली निव्वळ कवी एकनाथांसाठी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

षष्ठीचा वारकरी: काहून? रांजण दिसला नाही का तुम्हाला? तुकाराम बीजेला त्याची पूजा होते, मग नाथषष्ठीपर्यंत लोक घागरी ओतत राहतात. ज्याच्या घागरीनं तो भरून सांडतो, त्याला श्रीखंड्या, म्हणजे नाथांघरी पाणी भरणारा देव, समजून पूजतात. कोण निघेल, काय नेम! याहून मोठी कविता कुठली? आणि भारूड ही वाचायची चीज नाही. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं. ‘सत्वर पाव गं मला’ म्हणत ती सासू-नणंदेची अशी हजेरी घ्यायची की ओसरीवरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. ते काचेच्या पेटीत कसं ठेवणार?

देवगिरीचा: बालपणच बघायचं तर किल्ला चढा. बाराव्या वर्षी पोर घर सोडून गुरू जनार्दनस्वामींकडे देवगिरीला गेलं म्हणतात. वाड्यात काय शोधायलात?

हिंगोलीकर: आमच्या नरसीला, संत नामदेवांच्या गावी, शीख भाविक येतात, कारण नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ते शब्दांमागून गावात येतात. आपण गावात जाऊन शब्द विसरायलोत. खोली व्हावीच.

गोदाकाठचा: वारकरीबुवा, आजी मान्य. पण तिच्या पतवंडांनी भारूड कुठं ऐकायचं? 1573 साली काशीत पुरं झालेलं एकनाथी भागवत, 1584 साली पोथ्या ताडून शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी, हे काम पोरांना कळायला नको?

षष्ठीचा वारकरी: कळू द्या की. पण त्या शुद्ध प्रतीच्या शेवटी नाथांनीच बजावलंय, यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल. तुमच्या खोलीत पहिली नरोटी कोनशिलेची असेल. वर पाच पुढाऱ्यांची नावं, खाली नाथांचं बारीक अक्षरात, तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.