जिभेखालची गोळी सुरू आहे, घरच्यांनी काय सांभाळायचं?

ठाणेकर_ताई: धाकटा भाऊ, वय २२. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन) ओढायचा. व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्याने घरी आलाय. गर्दऐवजी द्यायच्या ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या २ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या रोज सकाळी. दुपारपर्यंत अंग मोडून येतं, जांभया येतात. बाबा म्हणतात, "एक सुटलं आणि दुसरं लागलं", त्यांना महिन्यात गोळी बंद हवी आहे. गोळी कुणी द्यायची? आणि त्याने परत ओढलंच तर?

औषधवाला_दादर: ताई, डोस कमी पडतोय असं ठरवण्याआधी तो गोळी कशी घेतो ते समोर बसून बघा. ही गोळी गिळली तर जवळपास वाया जाते, कारण पोटातून गेलेलं बरंचसं औषध यकृतातच संपतं. आधी चूळ भरून तोंड ओलं करायचं. तंबाखू, मावा असेल तर थुंकून तोंड धुवायचं. तिन्ही गोळ्या जिभेखाली थोड्या अंतरावर ठेवायच्या. ५ ते १० मिनिटं बोलणं नाही, चहा नाही, लाळ गिळायची नाही. पूर्ण विरघळल्यावर घोटभर पाणी तोंडात हलकेच घोळवून गिळायचं आणि ब्रश तासाभराने, नाहीतर दात किडतात. पंधरा दिवस असं करूनही दुपारी त्रास झाला, तर वेळेची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस वाढवायचा किंवा दोनदा विभागायचा, ते तेच ठरवतील.

गोळ्या कुलपात ठेवा. घरात लहान मूल असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण एका गोळीनेही त्याचा श्वास मंदावू शकतो. बद्धकोष्ठ बऱ्याचदा होतं, त्यामुळे पाणी आणि इसबगोल पहिल्या आठवड्यापासून द्या. झोपेची गोळी किंवा दारू याच्या जोडीला अजिबात नको.

समुपदेशक_पुणे: बाबांना एवढंच विचारा, मधुमेहाची गोळी साखर नॉर्मल आली म्हणून बंद करतो का आपण? गर्द दिवसातून तीन-चारदा लागतं, नशा आणि 'टर्की' (गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास) यांच्यात माणूस हेलकावत राहतो. ही गोळी मेंदूतल्या त्याच जागा दिवसभर धरून ठेवते, नशा न देता. म्हणून तो कॉलेजला जाऊ शकतो, जेवू शकतो, झोपू शकतो. निदान वर्षभर तरी चालू द्या. बंद करतानाही शेवटचे २ मिलिग्रॅम सर्वांत जड जातात, तिथे ०.४ च्या गोळीने अगदी हळूहळू उतरायचं.

महिन्यात बंद करण्यातला खरा धोका वेगळाच आहे. सवय उतरलेली असते, मुलगा मात्र जुन्याच मापाने ओढतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जिवावर बेततात. कृपा करून हे बाबांना शांतपणे सांगा.

परत ओढलं तर ओरडा नको आणि लगेच गोळीही नको. गर्द अंगात असताना ही गोळी घेतली, तर ती गर्दला त्या जागेवरून हुसकावते आणि टर्की एकदम अंगावर येऊ शकते. शेवटच्या वापरानंतर साधारण १२ ते २४ तास थांबून नाक गळणं, अंगावर काटा, पोटऱ्या दुखणं सुरू झाल्यावरच, तेही डॉक्टरांना विचारून.

नर्सताई: जोडीला गर्द जास्त झाल्याच्या या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जागा होत नाही, घोरल्यासारखा घरघर आवाज, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: १०८ लावा. श्वास थांबल्यासारखा वाटला तर नाक दाबून दर ५ सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं. नॅलोक्सोनने (गर्दचा परिणाम उतरवणारं औषध, इथे इंजेक्शनने) जागा झाला तरी रुग्णालयातच थांबवा. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. बाथरूमची कडी आतून न लावायचं आजच त्याच्याशी बोलून ठरवा.

ठाणेकर_ताई: गोळी मीच देईन, सकाळी ७ ला. एक राहिलं, लघवीची चाचणी घरी करावी का?

समुपदेशक_पुणे: केलीत तर त्याला आधी सांगून, आणि शिक्षेसाठी नाही. गर्द ओळखणाऱ्या साध्या मॉर्फिनच्या पट्टीवर त्याची गोळी सहसा दिसत नाही, तिची पट्टी वेगळी मिळते. उलट खसखशीने मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीत अनारसे खाल्लेल्या मुलावर आळ घेऊ नका. चाचणीआधी दोन-तीन दिवस खसखस बंद ठेवा. तरीही शंका राहिली तर प्रयोगशाळेतून खात्रीची चाचणी करून घ्या, आणि निकाल येईपर्यंत त्याची सकाळची गोळी चुकू देऊ नका.