मदत हवी आहे: बेळगावहून तीन दिवस समुद्र, सोबत माळकरी मामंजी आणि मासेखाऊ आत्याबाई

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात शुक्रवार ते रविवार समुद्रावर जायचं आहे. फिरायला नव्हे, नुसतं बसायला. सकाळी वाळूत थोडं चालायचं, दुपारी जेवून झोपायचं, संध्याकाळी परत वाळू. किल्ला, डॉल्फिन, स्कूबा यातलं काहीही नको. त्यासाठी आमच्यात कुणाची तयारी नाही आणि मला धावपळ करायची हौस नाही.

आम्ही शहापूरचे. आम्ही दोघं, आठ आणि पाच वर्षांची मुलं, मामंजी (सासरे) आणि आत्याबाई (सासूबाई). मामंजी माळकरी. कांदा-लसूण खातात, पण मासे तळलेल्या तव्यावरचं काही चालत नाही. आत्याबाईंचं माहेर कारवारकडचं. घरात मासे शिजत नाहीत, म्हणून त्या जाऊबाईंकडे जाऊन खातात आणि तिथलंही काही पसंत पडत नाही (बर्फातला मासा म्हणे मासाच नव्हे). त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही आणि घाटात गाडी लागते. मार्गशीर्षातले गुरुवार मी धरते, त्यामुळे शुक्रवारच्या आधी निघणं नाही.

ह्यांचं मत चोर्ला उतरून गोवा. माझं मन वेंगुर्ला-शिरोड्याकडे. जिथे एकाच ठिकाणी मामंजींचं आणि आत्याबाईंचं दोघांचंही पोट भरेल, अशी जागा कुठल्या बाजूला सापडेल? घाट कुठला सोपा? मुलांना काट्याचं भय आहे, त्यांना काय द्यावं? अनुभवी लोकांनी सांगा.

अनगोळवाला: ताई, डिसेंबरच्या शनिवार-रविवारी गोवा नको. नाताळाच्या आधीपासूनच खोल्यांचे दर चढतात. जायचंच असेल तर दक्षिणेला बाणावली, आगोंद बघा. पण शॅकमधे मामंजींना फ्राइड राइसशिवाय काय मिळणार? आणि शेजारच्या टेबलावर बाटल्या. त्यांना आवडेल का, ते तुम्हीच ठरवा.

लोंढा_जंक्शन: आत्याबाईंचं माहेर कारवारचं तर कारवारलाच न्या की! रेल्वेने कॅसलरॉकवरून मडगाव, तिथून पुढे गाडी बदलून कारवार. घाटात गाडी लागायचा प्रश्नच नाही, वर दूधसागरही दिसतो.

धागाकर्ती: रेल्वेचं डोक्यात आलं नव्हतं, पण मडगावला सामान, मुलं आणि गुडघे घेऊन जिने चढायचे म्हणजे कठीण. आणि कारवारला गेलो की आत्याबाईंच्या नातेवाइकांकडे चहा पिण्यातच तीन दिवस जातील. त्या स्वतःच नको म्हणाल्या.

बंदररोड: देवबागला जावा. निवांत आहे.

अनगोळवाला: कुठलं देवबाग? कारवारचं काळी नदीच्या मुखाजवळ आहे, मालवणचं कर्ली नदीच्या. गाडीत बसून नकाशात नुसतं देवबाग टाकलं तर पंचाईत.

बंदररोड: मालवणचं म्हणत होतो. पण तारकर्लीची गर्दी आता तिथवर पोचते, हे खरं.

हिंडलग्याचा_आजोबा: सूनबाई, वेंगुर्ल्याला जावा. आपल्या गावाचं हे जुनं बंदर. छावणीचा माल पूर्वी तिथे उतरून घाटाने वर यायचा. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आंबोलीपर्यंत बराचसा रस्ता पठारावरचा, वळणांचा खरा घाट आंबोली ते दाणोली एवढाच. चोर्ल्याला कणकुंबी सोडलं की केरीपर्यंत वळणंच वळणं. आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवा, नुसत्या चहावर काढू नका, काहीतरी कोरडं खायला द्या.

सोलकढी_फॅन: मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन टिळकवाडीत आले. शिरोड्यात राहा, वेळागरच्या बाजूला. सुरूच्या झाडांपर्यंत गाडी जाते, प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या आणि आत्याबाईंना सावलीत बसवा. मोठ्या हॉटेलापेक्षा घरगुती राहण्याची सोय बघा, जिथे घरची बाईच स्वयंपाक करते. फोनवरच स्पष्ट विचारा: शाकाहारी माणसासाठी तवा-कढई वेगळी देता का? आमच्याकडे सोमवार आणि एकादशी पाळणारे प्रत्येक घरात असतात, त्यामुळे वेगळी भांडी असतात आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. मामंजींना काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी सांगा. घावणे-चटणी, डाळ-भात, सोलकढी आहेच. ते बिचारे भेंडीवर दिवस काढतील असं समजू नका.

माशांचं आदल्या रात्री सांगून ठेवायचं, म्हणजे ते सकाळी बाजारातून त्या हिशोबाने आणतात. आयत्या वेळी दोन वाजता गेलात तर उरलंसुरलं मिळणार. मुलांना सुरमई किंवा मोरी (छोटा शार्क मासा) द्या, मोरीला बारीक काटे नसतातच. पेडव्यांच्या नादाला मुलांना लावू नका. आत्याबाईंना मात्र बांगड्याचं तिरफळ घातलेलं सांबारं हवं असणार, मी पैज लावते. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं, हे मुलांना आधी सांगा.

हॉटेलात जेवलात तर मासा आधी बघा आणि दर विचारा. पापलेट, सुरमईचा दर कार्डावर नसतो, आकारावर सांगतात. बिल बघून मग भांडण्यात अर्थ नाही.

बंदररोड: शाकाहाऱ्यांना ओल्या काजूची उसळ विसरलात!

सोलकढी_फॅन: डिसेंबरात ताजे ओले काजू कुठले? ते साधारण फेब्रुवारीपासून. आता कुणी दिली तर सुकवून ठेवलेले भिजवून केलेली असेल. वाईट नसते, पण ताज्याचा दर देऊ नका.

लोंढा_जंक्शन: सकाळी रापण ओढतात ती मुलांना दाखवा. जाळं किनाऱ्यावर येईपर्यंत वेळ लागतो, आत्याबाई खुर्चीतून बघू शकतील. आणि मुलांना ओहोटीच्या वेळी पाण्यात सोडू नका, पाणी आत ओढतं. घोट्यापर्यंत पुरे.

हिंडलग्याचा_आजोबा: मामंजींसाठी अजून एक. आरवलीचा वेतोबा शिरोड्याला लागूनच. तिथे केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, मुलांना नवल वाटेल. आणि मार्गशीर्षातली मोक्षदा एकादशी कॅलेंडरात बघून घ्या. ती तुमच्या शनिवारी आली तर मामंजींचा उपवास आणि तुमचे मासे एकाच टेबलावर.

धागाकर्ती: बघितलं, एकादशी आमच्या तारखांत येत नाही. बरं झालं सांगितलंत, मी गुरुवारांच्याच हिशोबात होते.

शिरोडा ठरलं. दोन ठिकाणी फोन केले. एकीने "तवा वेगळा हो, पण पाणी एकच" असं सांगून मामंजींना हसवलं, तिच्याकडेच खोल्या घेतल्या. बांगड्याचं सांबारं शुक्रवारी दुपारी सांगून ठेवलंय, तिरफळासकट. ह्यांनी गोव्याचा हट्ट सोडला, बदल्यात रविवारी परतताना सावंतवाडीत लाकडी खेळण्यांसाठी थांबायला नको अशी अट घातली आहे. ती मुलं मोडतील.

आता एकच राहिलं. सकाळी सहाला निघालो तर नाश्त्याला पाटणे फाट्याला थांबावं की थेट आंबोलीला?

हिंडलग्याचा_आजोबा: पाटणे फाट्याला. आंबोलीत थांबलात तर खाल्ल्या खाल्ल्या घाट लागतो.