मदत हवी आहे: समलिंगी संबंधांविषयीच्या बायबल वचनांचे वेगवेगळे अर्थ अभ्यासवर्गात कसे मांडावेत?

शास्त्राभ्यासी:
जय ख्रिस्त. मंडळीच्या प्रौढ अभ्यासवर्गात हा विषय घ्यायचा आहे. दीड-दीड तासाच्या दोन बैठका मिळतील. उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ व २०:१३, रोम १:२६-२७, १ करिंथ ६:९ आणि १ तीमथ्य १:१० एवढी वचने काढली आहेत. बायबल अशा संबंधांना मनाई करतं असं मानणारे (पारंपरिक) आणि तसं न मानणारे (समावेशक), अशा दोन्ही मतांचे लोक वर्गात आहेत. सुरुवात कुठून करावी? आणि आपलं म्हणणं नीट मांडलं गेलं, असं दोन्हीकडच्यांना वाटायला काय करावं?

जैतून_फांदी:
उत्पत्ती १९ मधल्या सदोम नगराच्या कथेपासून सुरुवात करू नका, तिथेच वेळ जातो. तिथे जमाव पाहुण्यांवर बळजबरी करायला आला आहे. यहेज्केल १६:४९ सदोमाचा दोष सांगतो तो गर्व, सुबत्ता आणि गरिबांकडे दुर्लक्ष असा. पारंपरिक बाजू लगेच ५० वे वचन आणि यहूदा ७ काढते, तेही वाचून घ्या. पण परस्परसंमतीच्या नात्याचा निर्णय या अध्यायावरून होत नाही, हे त्या बाजूचे कित्येक अभ्यासकही मानतात. दहा मिनिटे पुरेत.

पहिली बैठक प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राला द्या आणि १:१८ पासून २:४ पर्यंत सलग वाचा. दोनच वचने कापून घेतली की चर्चा हमखास फसते.

पारंपरिक वाचनाचा खरा जोर उत्पत्ती १ वर आहे. पौल इथे 'पुरुष' आणि 'स्त्री' यांसाठी जे ग्रीक शब्द वापरतो, तेच उत्पत्ती १:२७ च्या ग्रीक भाषांतरात आहेत. म्हणजे तो निर्मितीच्या रचनेबद्दल बोलतो आहे, एखाद्या विशिष्ट गैरवर्तनाबद्दल नाही. मत्तय १९:४-६ त्याला जोडले जाते.

दुसरी बाजू म्हणते की प्रसंग मूर्तिपूजेचा आहे, वर्णन बेफाम वासनेचे आहे, आणि २:१ मध्ये पौल दोष लावणाऱ्यालाच उभा करतो. 'निसर्गाविरुद्ध' हा शब्दप्रयोग ११:२४ मध्ये देवाच्याच कृतीसाठी येतो: रानजैतुनाची फांदी निसर्गाविरुद्ध कलम केली. १ करिंथ ११:१४ मध्ये पुरुषाने लांब केस ठेवू नयेत हेही 'निसर्ग'च शिकवतो.

एक जपा. 'पौल फक्त प्रौढ पुरुष आणि किशोर यांच्या संबंधांबद्दल बोलतो' हे १:२६ समोर अडखळते, कारण तिथे बहुतेक अभ्यासकांच्या मते स्त्रियांमधील संबंध आहेत. 'त्या काळी टिकाऊ समलिंगी आकर्षण कुणाला ठाऊकच नव्हते' हेही सरसकट म्हणू नका. अभ्यासक बर्नाडेट ब्रूटन यांनी १९९६ मध्ये त्याविरुद्ध भरपूर प्राचीन पुरावे मांडले आहेत, आणि त्या स्वतः पारंपरिक बाजूच्या नाहीत.

ग्रीक_वाचक:
१ करिंथ ६:९ साठी दोन शब्द फळ्यावर लिहा: 'मालाकोय' आणि 'आर्सेनोकोइताय'. पहिल्याचा मूळ अर्थ 'मऊ'. दुसरा पौलाच्या आधी कुठेही सापडत नाही, त्यामुळे वाद आहे. लेवीय २०:१३ च्या ग्रीक पाठात 'पुरुष' आणि 'शय्या' हे शब्द शेजारी येतात, तिथूनच पौलाने तो घडवला, हा पारंपरिक बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. उलट बाजू सांगते की जोडशब्दाचा अर्थ घटकांच्या बेरजेवरून ठरत नाही, आणि पुढच्या काळातल्या काही याद्यांत हा शब्द आर्थिक पिळवणुकीच्या पापांजवळ येतो.

'होमोसेक्शुअल शब्द १९४६ मध्ये बायबलात घुसवला' हे वाक्य कुणीतरी म्हणेलच. इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनच्या नव्या करारात त्या वर्षी दोन्ही ग्रीक शब्दांसाठी तो एकच शब्द वापरला, हे खरे. नंतर तो बदललाही. पण म्हणून मनाईचे वाचन १९४६ मध्ये जन्मले असे होत नाही. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातही आशय तसाच आहे.

शास्त्राभ्यासी:
आभारी आहे. लेवीयाचं काय? 'मग त्याच पुस्तकात कोळंबीही निषिद्ध आहे' हे ठरलेलं उत्तर येणार.

जैतून_फांदी:
ते उत्तर अपुरे आहे. अन्नाचे नियम मार्क ७:१९ आणि प्रेषितांची कृत्ये १० मध्ये शिथिल होतात. लैंगिक नियमांचे तसे झाले का, हाच तर प्रश्न आहे. त्यासाठी प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. परराष्ट्रीयांना सुंता न करता आत घेतले, म्हणून समावेशक बाजू तो अध्याय आदर्श मानते. त्याच निर्णयात जारकर्म वर्ज्य राहिले आणि त्याचा आशय लेवीय १८ चा आहे, असे पारंपरिक बाजू म्हणते. दुसऱ्या बैठकीचा अर्धा तास इथे द्या. माझ्या मते दोन्ही बाजूंचा खरा फाटा इथेच कळतो.

पाळक_निवृत्त:
नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड हेज यांचे उदाहरण जरूर घ्या. १९९६ मध्ये त्यांनी पारंपरिक निष्कर्ष मांडला. २०२४ मध्ये मुलासोबत लिहिताना ते समावेशाच्या बाजूला आले, तेही या वचनांचा नवा अर्थ लावून नव्हे, तर संपूर्ण शास्त्रात देवाची दया रुंदावत जाते या आधारावर. वचन काय म्हणते आणि मंडळीने आज काय करावे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला त्याने मदत होईल. जे स्वतः समलिंगी असून शास्त्राच्या पारंपरिक अर्थाला धरून ब्रह्मचर्य पाळतात, त्यांचेही म्हणणे वर्गात यायला हवे. दोनच गट केले तर ते कुठेच बसत नाहीत.

आणि कृपा करून हात वर करायला लावून मत मोजू नका. ज्याच्या आयुष्याबद्दल आपण बोलतो आहोत, तो त्याच खोलीत गप्प बसलेला असू शकतो. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या, आणि पहिल्या बैठकीच्या शेवटीच गोळा करा, म्हणजे दुसऱ्या बैठकीची तयारी त्यांवरून करता येईल.