तालमीतला जोर गडावर कुठं जातो?

प्रश्न : मी येळ्ळूरचा. सहा वर्षं तालमीत गेली, कुस्ती दोन-तीन मिनिटांत निकालात काढतो. परवा धाकट्या भावाबरोबर राजहंसगड पळत चढलो. पहिल्या चढाला त्याला मागं टाकलं, मग मांड्या पेटल्या आणि तो किडकिडीत पोरगा पुढं निघून गेला की! हे स्नायूंतल्या संथ आणि जलद तंतूंचं काय प्रकरण आहे?

उत्तर १ : कोंबडी आठवा. तंगडी लालसर, छाती पांढरी. दिवसभर चालणाऱ्या पायात संथ तंतू जास्त: मायोग्लोबिनमुळे (ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन) लाल, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) भरपूर, ऑक्सिजनवर चालतात, लवकर थकत नाहीत. छाती घटकाभर फडफडण्यापुरती. तिथले जलद तंतू ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, भराभर जाळतात. जोर जबर, पण टिकत नाही. माणसात एकाच स्नायूत दोन्ही मिसळलेले असतात. पोटरीच्या आतला सोलियस हा स्नायू मात्र बहुतांशी संथ, कारण आपल्याला उभं ठेवायचं काम त्याचं. शरीर आधी संथांना कामाला लावतं, जास्त जोर लागला की जलदांना. तुम्ही पहिल्याच चढाला सगळी फौज उतरवलीत.

उत्तर २ : जलदांतही दोन जाती, टू-ए (थोडा दम असलेले) आणि टू-एक्स (सगळ्यात जलद, पण लवकर थकणारे). सरावानं टू-एक्सचे टू-ए होतात, म्हणजे दम थोडा वाढतो. जलदाचा पूर्ण संथ होणं मात्र अवघड. प्रमाण बरंचसं जन्मजात. भावाला दोष देऊ नका!

प्रश्नकर्ता : आई म्हणते, तो आजोबांवर गेलाय. रविवारी परत जातोय, बेतानं. त्याला सांगितलेलं नाही.