मेंदूच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर 13 दिवस व्हेंटिलेटर : पुढे काय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
आमच्या आबांचे, वय 61, मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन होऊन आज 13 दिवस झाले. बायॉप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे चौथ्या श्रेणीचा कर्करोग निघाला. नंतर मेंदूला सूज आली, तेव्हापासून ते व्हेंटिलेटरवर आहेत. हाक मारली की डोळे उघडतात. काल आईने बोट हातात दिले, तर मूठ घट्ट मिटली. डॉक्टर ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्यातून श्वासनळीत नळी बसवणे, करू या म्हणतात. काका म्हणतात, गळ्याला भोक पाडले की माणूस संपला. आबा वाचतील का?

उत्तर १
दादा, मी अतिदक्षता विभागात अनेक वर्षे परिचारिका होते. काकांची भीती समजते, पण ती खरी नाही. तोंडातली नळी फार दिवस राहिली की स्वरयंत्राला इजा होते, म्हणून दहा-चौदा दिवसांच्या सुमारास हा निर्णय घेतात. गळ्यातल्या नळीमुळे गुंगीचे औषध कमी लागते, कफ काढणे सोपे जाते आणि रुग्णाला यंत्रावरून हळूहळू सोडवता येते. नळी काढल्यावर छिद्र बहुधा आपोआप भरते व आवाजही परत येऊ शकतो. डॉक्टरांना एवढे नक्की विचारा : यंत्र कशामुळे लागते आहे, न्यूमोनियामुळे की मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्रावर परिणाम झाल्यामुळे? आबा स्वतःचा श्वास किती घेतात, खोकतात का? मूठ मिटली तो क्षणही त्यांना सांगा, कारण सांगितल्यावर मिटते की नुसत्या स्पर्शाने, यावर बरेच ठरते.

उत्तर २ (गडहिंग्लज)
माझी आई 19 दिवस व्हेंटिलेटरवर होती, तिलाही ट्रॅकिओस्टॉमी झाली. ती घरी आली, सोप्यात बसून गवारीच्या शेंगा मोडायची, आणि दहा महिन्यांनी गेली. हे लपवून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. या आजारात श्वास सुटणे आणि आयुष्य लांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान 14.6 महिने होते, म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, परंतु ते उपचार सोसण्याइतके सशक्त रुग्ण होते. आबा तेवढे सावरतात का, हे आधी पाहावे लागेल.

प्रश्नकर्ता
आज सकाळी विचारले. आबा सांगितल्यावर मूठ मिटतात, आणि खोकलाही येतो. ट्रॅकिओस्टॉमीच्या संमतीपत्रावर आईने सही केली आहे. काकाही सोबत होते.