शब्दचर्चा : पोलिसांचा 'विवेकाधिकार' आणि 'उत्तरदायित्व'

प्रश्न (डिचोलीहून)

आमच्या वाचनालयात फौजदारी कायद्याची ओळख करून देणारे व्याख्यान ठरले असून त्याचे मराठी टिपण तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात 'डिस्क्रिशन'साठी कुठे 'विवेकाधिकार', कुठे 'स्वेच्छाधिकार' असे शब्द आहेत आणि 'अकाउंटेबिलिटी'साठी 'जबाबदारी', 'उत्तरदायित्व', 'जबाबदेही' असे तिन्ही आले आहेत. 'पोलिसांनी आपल्या विवेकाधिकारात तक्रार नोंदवून घेतली नाही' असेही एक वाक्य आहे. हे शब्द कसे वापरावेत?

उत्तर (फोंड्याहून)

ते वाक्य आधी काढावे. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) घडल्याचे खबरीवरून दिसत असेल तर ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ साली ठरवले आहे. 'विवेक' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि 'विच्' म्हणजे वेगळे करणे या धातूपासून आला आहे. वेगळे काढायला निदान दोन वैध पर्याय समोर असावे लागतात. कायद्याने एकच वाट ठेवली असताना अधिकारी दुसरीकडे वळला, तर त्यासाठी मराठीत 'टाळाटाळ' हा स्वच्छ शब्द आहे.

अटकेच्या बाबतीत मात्र विवेकाधिकार खरोखर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४१ आणि ४१ अ) सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा देते, परंतु पुढचा गुन्हा रोखणे, पुरावा नष्ट होऊ न देणे, साक्षीदारांवरील दडपण टाळणे अशा कारणांपैकी एखादे असल्याची अधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे आणि ते कारण त्याने लेखी नोंदवले पाहिजे. अटकेची गरज नसेल तर ती का केली नाही, हेही लिहून ठेवावे लागते. ही दुहेरी नोंद लक्षात घेतली की 'स्वेच्छाधिकार' का खटकतो ते कळते, कारण इच्छेला कोणी कारण विचारत नाही. बोलीतला 'साहेबांची मर्जी' हा शब्दप्रयोग तर या कलमाच्या नेमका उलट आहे. माझे मत सरळ 'विवेकाधिकार' या शब्दाला आहे.

उत्तर (मडगावहून)

वरील मताला एक पुरवणी जोडतो. नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये एक फट ठेवलेली आहे : तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे खबरीच्या टप्प्यावरही थोडा विवेकाधिकार आता आला आहे, तेवढे टिपणात नमूद करावे.

दुसऱ्या शब्दाविषयी माझा आग्रह अधिक आहे. 'जबाबदारी'त कर्तव्य आणि उत्तर देण्याचे बंधन हे दोन्ही अर्थ मिसळले आहेत. 'गस्त घालणे ही पोलिसांची जबाबदारी आहे' म्हटले की नंतर कोणी हिशेब विचारील हा अर्थ त्यात उरत नाही. 'जबाबदेही' हिंदी वळणाचा आहे. 'उत्तरदायित्व' कोरडा असला तरी नेमका आहे, आणि क्रियापद हवे असेल तेव्हा 'जाब विचारणे' व 'जाब देणे' आपल्याकडे आहेतच. आमच्या गोव्यात तर हे समजावणे आणखी सोपे, कारण कोकणीतली 'जापसालदारकी' सगळ्यांच्या कानावर असते आणि तिच्यातली 'जाप' म्हणजे उत्तरच. (पोलीस साक्षीदाराचा 'जबाब' घेतात आणि त्यांच्याकडून मात्र 'जाब' मागावा लागतो, ही भाषेने केलेली थट्टा म्हणावी.)

जाब कोणी विचारायचा, तेही टिपणात यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने (२०१४) अटकेचे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाईबरोबरच उच्च न्यायालयात अवमानाची कारवाई होऊ शकते असे सांगितले. आपल्यासाठी ते उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरीतील गोवा खंडपीठ. कारणे न नोंदवता कोठडी मंजूर करणाऱ्या दंडाधिकाऱ्यालाही त्या निकालाने सोडलेले नाही. शिवाय त्याच न्यायालयाच्या, पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह निकालानुसार (२००६) नेमायचे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण पणजीत आहे.

पुन्हा डिचोलीहून

आभार. आणखी एक शंका : कलम ३५ मधले 'अटक करू शकेल' हे 'अटक करता येईल' असे लिहिले तर चालेल का?

उत्तर (फोंड्याहून)

चालेल, आणि मला तेच बरे वाटते. 'करू शकेल' यातून ताकद ऐकू येते, 'करता येईल' यातून परवानगी. याच्या जोडीला कायद्याच्या मराठीतील साध्या भविष्यकाळाकडेही पाहावे. 'पोलीस अधिकारी कारणे नोंदवील' हे सक्तीचे विधान आहे, पण सामान्य वाचकाला ते भाकीत वाटते. टिपणात तिथे 'नोंदवलीच पाहिजेत' असे लिहावे.